महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा अर्ज: कोणाकडे, कसा आणि कोणत्या शब्दांत करावा

गावातला नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला किंवा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीचे काम अर्धवट राहिले, की नागरिकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘असे का झाले?’ हा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मात्र कोणत्याही कार्यालयाला या ‘का’चे उत्तर देण्यास बांधील करत नाही. कार्यालयाच्या दप्तरात जो कागद, जी नोंद, जी संचिका आधीपासून आहे, ती नागरिकाला दाखवण्यास आणि तिची प्रत देण्यास तो बांधील करतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांसंबंधीच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा स्पष्ट केली: उपलब्ध असलेली माहिती द्यावी लागते, नवी माहिती तयार करून किंवा मत बनवून देण्याची सक्ती नाही. अनेक अर्ज निष्फळ ठरतात ते या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, म्हणून प्रक्रियेच्या आधी तो लक्षात घेणे आवश्यक आहे.

अर्ज करण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम ३ अन्वये प्रत्येक भारतीय नागरिकाला आहे. अधिकार नागरिकाचा असल्यामुळे संस्था, मंडळ किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या नावाने अर्ज न करता पदाधिकाऱ्याने तो स्वतःच्या नावाने करावा. माहिती कशासाठी हवी आहे हे सांगावे लागत नाही, आणि संपर्कासाठी लागणाऱ्या तपशिलाखेरीज इतर वैयक्तिक माहिती कलम ६(२) नुसार मागता येत नाही. अर्ज मराठीत करता येतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लेखी स्वरूपात उतरवून देण्यासाठी सर्व वाजवी साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे, म्हणजे कार्यालयात अर्ज स्वीकारून माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे, कर्तव्य आहे. हा त्याचा उपकार नव्हे, हे गावपातळीवर आवर्जून सांगण्याची गरज अजूनही भासते.

यानंतर अर्ज कोणाकडे करायचा हे ठरवावे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणात, म्हणजे या कायद्याखाली येणाऱ्या कार्यालयात वा संस्थेत, जन माहिती अधिकारी आणि त्याच्यापेक्षा वरिष्ठ असा प्रथम अपिलीय अधिकारी नेमलेला असतो, आणि त्यांची नावे व पदनामे कार्यालयातील फलकावर किंवा संकेतस्थळावर पाहता येतात. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, महानगरपालिका, जिल्हा परिषद, पोलीस आणि मंत्रालयातील विभाग राज्याच्या नियमांखाली येतात. रेल्वे, टपाल खाते, पासपोर्ट कार्यालय, भविष्य निर्वाह निधी आणि राष्ट्रीयीकृत बँका केंद्राच्या कक्षेत येतात व त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे वेगळे पोर्टल आहे. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला तर कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी हस्तांतरित करणे बंधनकारक आहे. तरीही त्यात वेळ जातोच, त्यामुळे आधी चौकशी करून घेणे चांगले. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना केंद्रीय कार्यालयांचे शुल्क इलेक्ट्रॉनिक भारतीय पोस्टल ऑर्डरने भरता येते. ही सोय २०१३ पासून आहे.

राज्याच्या कार्यालयासाठी कागदी अर्ज ‘जोडपत्र अ’ या विहित नमुन्यात करतात. त्यात अर्जदाराचे नाव व पत्ता, माहितीचा विषय, ती कोणत्या कालावधीची आहे, तिचे वर्णन, ती टपालाने हवी की व्यक्तिशः घेणार, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे काय, एवढेच रकाने असतात. अर्जाचे शुल्क १० रुपये असून ते बहुतेक जण कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून भरतात. रोख भरल्यास पावती घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही, परंतु त्यासाठी दाखल्याची प्रत जोडावी लागते. याखेरीज जोडण्यासारखे दुसरे कागदपत्र नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेणे मात्र कधीही चुकवू नये, कारण उत्तराची मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

ऑनलाइन अर्जासाठी राज्य शासनाचे स्वतंत्र आरटीआय पोर्टल आहे. तेथे विभाग आणि कार्यालय निवडून मजकूर भरायचा, शुल्क नेट बँकिंग, कार्ड अशा मार्गांनी भरायचे, दारिद्र्यरेषेचा दाखला असेल तर तो जोडायचा आणि शेवटी मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवायचा. त्याच क्रमांकावरून अर्जाची स्थिती पाहता येते व पहिले अपीलही करता येते. निवड करताना यादीत नेमके आपले कार्यालय दिसते का हे पाहावे. ते नसेल, तर वरच्या विभागाकडे अर्ज टाकून तो खाली येण्याची वाट पाहण्यापेक्षा त्या कार्यालयात थेट कागदी अर्ज देणे अधिक लवकर फळाला येते, असे माझे मत आहे.

आता मजकुराविषयी. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सामान्यतः १५० शब्दांपेक्षा अधिक नसावा. ही मर्यादा जाचक वाटते, पण कागदांची नावे ठाऊक असतील तर १५० शब्द पुरतात. रस्त्याचेच उदाहरण घेऊ. ‘रस्ता निकृष्ट का झाला आणि जबाबदार कोण?’ असे विचारल्यास ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचे ठरवणे कठीण जाते. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक वस्ती ते अमुक शाळा या रस्त्याच्या कामाबाबत १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षातील पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि काम पूर्णत्वाचा दाखला.’ अर्थात प्रत्यक्ष अर्जात वर्ष पूर्ण लिहावे. मोजमाप पुस्तिकेत खडीकरणाच्या थराची जाडी नोंदलेली असते. ती अंदाजपत्रकातील जाडीशी ताडून पाहिली की ‘का’चे उत्तर बहुधा नागरिकाला स्वतःलाच सापडते.

संचिका जाडजूड असेल, किंवा नेमका कोणता कागद हवा हे ठाऊक नसेल, तर प्रती मागण्याऐवजी अभिलेख अवलोकनाची मागणी करावी, कारण कायद्यातील माहितीच्या अधिकारात पाहणी करणे, टिपणे घेणे आणि नमुने घेणे हेही अंतर्भूत आहे. २०१८च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था केली आहे. या तरतुदीचा उपयोग व्हावा तितका होत नाही याचे मला वाईट वाटते; आधी संचिका पाहून मग हव्या त्या आठ-दहा पानांपुरता अर्ज केला तर अर्जदाराचाही खर्च वाचतो आणि कार्यालयाचाही ताण कमी होतो.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती देणे किंवा कारण नमूद करून नाकारणे बंधनकारक आहे. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहितीसाठी ही मुदत ४८ तासांची आहे. प्रतींसाठी प्रति पान २ रुपये आकारले जातात आणि ते भरण्याचे पत्र कार्यालयाने पाठवल्यापासून रक्कम भरेपर्यंतचा काळ ३० दिवसांतून वगळला जातो, म्हणून पत्र येताच पैसे भरावेत. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली, तर कलम ७(६) प्रमाणे ती विनाशुल्क द्यावी लागते. माहिती नाकारण्याची कारणे प्रामुख्याने कलम ८ मध्ये आहेत. त्यांपैकी वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ मधील दुरुस्तीने अधिक व्यापक केली आहे. तथापि व्यापक सार्वजनिक हित दाखवता आले तर कलम ८(२) चा आधार शिल्लक राहतो, आणि तो अर्जात किंवा अपिलात स्पष्ट शब्दांत घ्यावा.

तीस दिवस उत्तरच आले नाही तर कायद्याच्या भाषेत तो नकार समजला जातो. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘जोडपत्र ब’ मध्ये २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. त्याचा निर्णय ३० दिवसांत, आणि लेखी कारण देऊन जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा. त्यानेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांच्या आत ‘जोडपत्र क’ मध्ये, पुन्हा २० रुपये शुल्कासह, राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. मुंबईतील मुख्यालयाखेरीज आयोगाची बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशी खंडपीठे आहेत. ज्या कार्यालयाकडून माहिती हवी, ते ज्या खंडपीठाच्या क्षेत्रात येते तेथे अपील पाठवावे. वाजवी कारणाशिवाय माहिती रोखणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यावर आयोग दररोज २५० रुपये याप्रमाणे कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकतो. दुसऱ्या अपिलासोबत मूळ अर्ज, शुल्काचा पुरावा, आलेले उत्तर, पहिले अपील आणि त्यावरील आदेश यांच्या प्रती जोडाव्यात. उत्तर किंवा आदेश मिळालाच नसेल, तर तसे अपिलात नमूद करून आवक शिक्क्याची प्रत जोडावी.