एलएस स्वॅप

जुन्या गाडीचे मूळ इंजिन उतरवून जनरल मोटर्सच्या ‘एलएस’ घराण्यातील व्ही-8 (‘व्ही’ आकारात आठ सिलिंडरचे) इंजिन बसवण्याला अमेरिकेत एलएस स्वॅप म्हणतात. शेव्हरोले सी-10 पिकअपवर, विशेषतः 1967–72 आणि चौकोनी चेहऱ्याच्या 1973–87 या पिढ्यांवर, हा प्रकार चांगलाच रुळला आहे.

एलएस पहिल्यांदा आले ते 1997 च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये, 5.7 लिटरचे, ॲल्युमिनियमचे. पिकअपवाल्यांचे नशीब उघडले 1999 मध्ये. तेव्हापासून सिल्व्हराडो या पिकअपमध्ये आणि पाठोपाठ टाहो, सबर्बन या एसयूव्हींमध्ये याच घराण्यातली 4.8, 5.3 आणि 6.0 लिटरची इंजिने येऊ लागली. ब्लॉक बहुतेकांचा बिडाचा. जड, पण दणकट. या गाड्या लाखोंनी खपल्या, त्यातल्या कित्येक ठोकून भंगारात गेल्या आणि त्यांची धडधाकट इंजिने स्वस्तात मिळू लागली. 5.3 लिटरचे ‘एलएम7’ (270 ते 295 अश्वशक्ती) त्यातले सर्वांचे लाडके. बोनेट उघडून मिरवायचे नसेल, तर याहून महागाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

इंजिन चेसिसवर चढवणे हा सोपा भाग. शेव्हरोलेच्या जुन्या ‘स्मॉल-ब्लॉक’ व्ही-8 चे माउंटिंग तीन बोल्टचे, एलएसचे चार बोल्टचे. मध्ये ॲडॅप्टर प्लेट टाकली की भागते. अडते ते चेंबरपाशी, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापाशी. पिकअपच्या एलएसचे ऑइल चेंबर खोल असते, ते क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) तरी टेकते नाहीतर खाली लोंबते. म्हणून कॅमॅरो या स्पोर्ट्स कारचे उथळ चेंबर लावतात. एसीचा कॉम्प्रेसरही अनेकदा चेसिसला लागतो.

पेट्रोलची गोष्ट याहून नाजूक. कार्ब्युरेटरला 5 ते 7 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब पुरतो, एलएसच्या इंजेक्टरना सुमारे 58 लागतो. जुना यांत्रिक पंप इथे निरुपयोगी. टाकीत किंवा टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवावा लागतो. त्यात 1967–72 च्या सी-10 मध्ये टाकी चक्क केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे. एवढ्या दाबाची लाइन पाठीशी घेऊन बसण्यापेक्षा बरेच जण टाकीच हौद्याखाली हलवतात. दाब स्थिर राखायला कॉर्व्हेटचा फिल्टर वापरण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, कारण त्याच्या पोटातच रेग्युलेटर असतो.

वायरिंगमध्ये मात्र भलेभले थकतात. एलएसला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटून देणारा भाग, नाही. आठ सिलिंडरना ठिणगी देणारी आठ कॉइल आणि सगळ्यांवर एक संगणक. मूळ गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेचा संकेत मिळाला नाही, तर हा संगणक इंजेक्शन तोडतो आणि इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. म्हणून ती सोय प्रोग्रॅममधूनच काढून टाकावी लागते.

कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणी माफ आहे. त्यानंतरच्या गाडीत बसवलेले इंजिन गाडीइतके किंवा तिच्याहून नवे लागते, आणि त्याची कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सगळी प्रदूषणरोधक उपकरणे जागेवर असल्याचे सरकारमान्य रेफरीला, म्हणजे तपासनिसाला, दाखवावे लागते.

शेवटी उरतो डॅशबोर्ड. जुना स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो. एलएससोबत आलेल्या 4एल60ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला केबलची जागाच नाही, असतो फक्त विद्युत सेन्सर. मग संकेत घेऊन मोटरने केबल फिरवणारी एक छोटी डबी लावतात, तेव्हा कुठे जुना काटा हलतो.