मुंबईच्या रविवारच्या भटकंतीची पूर्वपीठिका

एका रविवारी साष्टीच्या, म्हणजे मुंबईच्या उपनगरांच्या बेटावरच्या, गावठाणांत गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे, गाढवाचं चित्र कोरलेले जुने दगड) बघायचे, दुसऱ्या रविवारी भायखळ्याला झाडं ओळखायला जायचं. मुंबईत हा छंद अलीकडचा वाटतो. पण मागे मागे गेलं की पुरातत्त्व आणि वनस्पती, दोन्हींचे धागे राणीच्या बागेत सापडतात.

ती बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीकडे गेली. भायखळ्याची नवी वनस्पतिबाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते खुली झाली आणि १८७३ मध्ये नगरपालिकेकडे आली. आवारातलं संग्रहालय, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये उघडलं. तिथेच १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गवेडे जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मली.

संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती मात्र बहुतेक जण नुसता फोटोपुरता बघतात. पोर्तुगीजांनी घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते तिथे उभ्या असलेल्या याच हत्तीमुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला; उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. तो वाचला तो क्रेनच्या कृपेने, असं म्हणायला हरकत नाही.

उत्खननाची परंपराही तेव्हाचीच. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये वसईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप खणला. पण त्यानंतर बराच काळ हा विषय अभ्यासकांपुरता राहिला. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातल्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमांनी तो हौशी माणसांसाठी खुला केला, आणि साष्टीच्या सर्वेक्षणात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), गधेगाळ, देवळांचे सुटे अवशेष यांच्या नोंदी होऊ लागल्या. हे दगड कुठे पारावर, कुठे शेंदूर फासून देव झालेले. १९९५ च्या वारसा नियमावलीचा भर इमारती आणि परिसरांवर. अशा सुट्या दगडांची दखल घ्यायची तर कुणीतरी पायी हिंडणं भाग होतं.

झाडांचं निमित्त वेगळं. २००७ च्या सुमारास राणीच्या बागेचं परदेशी धर्तीच्या प्राणिसंग्रहालयात रूपांतर करण्याची योजना आली आणि जुन्या वृक्षांवर गदा येणार असं दिसलं. काही महिलांच्या पुढाकाराने ‘सेव्ह राणीबाग’ मोहीम उभी राहिली. त्यांनी झाडांची माहिती जमवली, आराखड्याला हरकती घेतल्या आणि लोकांना थेट झाडांखाली नेलं. माझ्या मते यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत परिणामकारक ठरली. गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती ही नावं तोंडात बसलेली माणसं पुढच्या योजनेकडेही डोळे उघडे ठेवून बघतात. पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि गर्दी तिकडे वळली. वृक्षफेऱ्या तरीही चालू राहिल्या.