आयफोनचं अ‍ॅप बनवताना त्यातली एकच स्क्रीन आडवी होऊ द्यायची नसेल तर?

"ज्या स्क्रीनला लॉक करायचंय तिच्या व्ह्यू कंट्रोलरमध्ये शुडऑटोरोटेट लिही, फॉल्स दे, झालं." (व्ह्यू कंट्रोलर म्हणजे एक स्क्रीन सांभाळणारा कोड, शुडऑटोरोटेट म्हणजे स्क्रीन फिरू द्यायची का ते सांगणारी त्यातली मेथड.) हे उत्तर अजूनही फिरतंय आणि नवीन पोरं तेच कॉपी करून दिवसभर डोकं आपटतात, कारण फोन आडवा केला की स्क्रीन मस्त फिरते.

अहो, त्या स्क्रीनला कुणी विचारतच नाही! २०१२ साली आयओएस ६ आलं तेव्हापासून सिस्टीम विचारते फक्त विंडोच्या रूट कंट्रोलरला (सगळ्यात मुळाशी असलेल्या), नाहीतर वर फुल स्क्रीन प्रेझेंट केलेला असेल त्याला. तुमची स्क्रीन नेव्हिगेशन कंट्रोलरच्या (एकावर एक स्क्रीन रचणारा कंट्रोलर) पोटात असेल तर उत्तर नेव्हिगेशन कंट्रोलर देतो, आणि तो पोराला, म्हणजे आतल्या कंट्रोलरला, न विचारता स्वतःचंच देतो (घरोघरी मातीच्या चुली). म्हणून त्याचा सबक्लास करा आणि सपोर्टेड इंटरफेस ओरिएंटेशन्समध्ये (कुठल्या दिशा चालतील ते सांगणारी प्रॉपर्टी) टॉप व्ह्यू कंट्रोलरचं उत्तर पुढे पाठवा, टॅब बार असेल तर तिथेही निवडलेल्या टॅबचं.

आणि इन्फो पीलिस्टमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंग्जची फाइल) लँडस्केपच, म्हणजे आडवी दिशाच, बंद असेल तर कंट्रोलरने कितीही हो म्हटलं तरी उपयोग नाही, दोन्हीकडे जे कॉमन आहे तेवढंच चालतं.

शुडऑटोरोटेट तर आयओएस १६ पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे अ‍ॅपलनेच वापरू नका म्हटलंय. यूआयडिव्हाइसची ओरिएंटेशन व्हॅल्यू जबरदस्तीने सेट करायचा जुगाडही तिथेच संपला, आता विंडो सीनकडे (अ‍ॅपच्या विंडो सांभाळणारा ऑब्जेक्ट) रिक्वेस्ट जिऑमेट्री अपडेट मागायचं.

आयपॅडवर मल्टिटास्किंग चालू असेल तर मात्र हे सगळं सोडा, तिथे लेआउटच दोन्ही बाजूंनी नीट बसवा.