मरणोत्तर मानद पदवी

मरणोत्तर मानद पदवी म्हणजे हयात नसलेल्या व्यक्तीला, परीक्षा किंवा प्रबंध न मागता, केवळ तिच्या कर्तृत्वाचा मान म्हणून विद्यापीठाने दिलेली पदवी. डी.लिट. (साहित्य), डी.एससी. (विज्ञान) आणि एलएल.डी. (कायदा) ही तिची नेहमीची रूपे. अशी पदवी द्यावी की नाही हा वाद बऱ्याच देशांत आहे. सोलापुरात मात्र त्याला एक वेगळा पीळ पडतो. इथले विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले आणि ज्यांच्यामुळे शहराचे नाव बाहेर गेले ती बरीचशी माणसे त्याच्या कितीतरी आधी गेली होती. जुन्या विद्यापीठाने एखाद्याला जिवंतपणी पदवी दिली नाही, तर ती त्याची दिरंगाई म्हणता येते. चीनमध्ये जाऊन डॉक्टरकी करणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये गेले तेव्हा सोलापूर विद्यापीठाच्या जन्माला साठहून अधिक वर्षे बाकी होती. इथे दिरंगाईचा दोष कुणाच्या माथी मारणार?

पदवी : लोकांची आणि विद्यापीठाची

मराठीत ‘पदवी’ हा शब्द विद्यापीठांच्या आधीपासून नांदतो आहे. जोतीराव फुल्यांना १८८८ मध्ये मुंबईच्या सभेत ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली ती लोकांनी. टिळक ‘लोकमान्य’ झाले तेही लोकांमुळे. अहिल्याबाई होळकरांच्या मागे ‘पुण्यश्लोक’ लागले त्यासाठी कुठल्या सभेचे इतिवृत्त शोधावे लागत नाही. लोकांच्या पदवीला ठराव, गणसंख्या, अनुमोदक असे काही लागत नाही आणि ती माणूस गेल्यावरही वाढत राहते. विद्यापीठाची पदवी ही दुसरी जात. तिच्यामागे कायदा असतो, नोंदवही असते, क्रमांक असतो. आपल्याकडे या दोहोंची गल्लत होते आणि मरणोत्तर पदवीच्या बहुतेक मागण्या त्या गल्लतीतूनच उगवतात.

आणखी एक फरक आधीच सांगून टाकलेला बरा. अभ्यासक्रम जवळजवळ पुरा केलेला विद्यार्थी निकालाआधी दगावतो आणि विद्यापीठ त्याच्या आईवडिलांच्या हाती पदवी ठेवते, ती ‘मरणोत्तर पदवी’. ती मानद नव्हे. तो विद्यार्थी शिकला होता, त्याने पेपर दिले होते, राहिला होता तो फक्त समारंभ. अशा पदवीला विरोध करणारा माणूस सापडणे कठीण. बातम्यांचे मथळे दोन्हींना एकाच दावणीला बांधतात, म्हणून हे सांगावे लागते.

देण्याची रीत

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा अधिनियम लागू आहे. व्यवस्थापन परिषद नाव सुचवते आणि अधिसभा (सिनेट) ते दोन-तृतीयांश बहुमताने मान्य करते. प्रस्ताव हाती घेण्याआधी कुलगुरूंना कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची संमती घ्यावी लागते. निकष ढोबळ आहेत : व्यक्तीचे स्थान, कर्तृत्व, लोकसेवा. कसलीही चाचणी नाही.

पुढचा सगळा सोहळा मात्र जिवंत देह गृहीत धरून रचलेला आहे. पाहुण्याला झगा चढवायचा, मिरवणुकीत कुलगुरूंच्या बरोबरीने चालवायचे, गौरवपत्र वाचून दाखवायचे, मग त्याने उठून चार शब्द बोलायचे. माणूस नसला की यातले एकेक गळत जाते. खुर्चीवर चंदनाच्या हाराची तसबीर येते. झगा घडी करून ताटात ठेवतात किंवा आणतच नाहीत. नाव पुकारल्यावर पत्नी, मुलगा किंवा नातू पायऱ्या चढतो आणि काय बोलावे न कळून हात जोडतो. सोलापूरकडच्या सत्काराचे तर आणखीच अवघड. शाल तसबिरीवर पांघरता येते, नारळ समोर ठेवता येतो, पण फेटा बांधायला डोके लागते.

प्रथेचा उगम

मानद पदवीची पहिली निश्चित नोंद ऑक्सफर्डची, १४७० च्या दशकाच्या अखेरची. ती मिळाली लायोनेल वुडव्हिल या धर्मगुरूला. वुडव्हिल हा इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचा मेहुणा. पुढे तो त्याच विद्यापीठाचा कुलपती झाला. म्हणजे प्रथेचा नारळ फुटला तोच राजघराण्याची मर्जी राखण्यासाठी. या उगमावरून काही जण म्हणतात की मरणोत्तर पदवी त्यातल्या त्यात निर्मळ, कारण मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण मेलेल्याचे वारस असतात, अनुयायी असतात, मतदार असतात, जयंती मंडळे असतात, आणि ते सगळे फेडू शकतात.

या भानगडीत न पडलेली विद्यापीठेही आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) आणि स्टॅनफर्ड मानद पदवी देतच नाहीत, जिवंतांनाही नाही. कॉर्नेलने १८८६ मध्ये दोघांना दिल्या आणि मग दुकान बंद केले.

कर्ज फेडणाऱ्या पदव्या

मरणोत्तर पदव्यांची जी उदाहरणे मनाला पटतात त्यांत एक समान धागा आहे : देणारे विद्यापीठच देणेकरी असते. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या सोबतिणींनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. ‘एडिंबरोच्या सात जणी’ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांना चिखलफेक सोसावी लागली, आणि शिकूनही विद्यापीठाने पदवी दिली नाही ती नाहीच. ६ जुलै २०१९ रोजी त्याच विद्यापीठाने सातही जणींना वैद्यकाची मानद पदवी दिली आणि त्यांच्या वतीने ती तिथे शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी स्वीकारली. नातवंडे शोधत बसण्यापेक्षा ही निवड किती नेमकी! ज्या वर्गातून त्यांना हाकलले, त्याच वर्गातल्या मुली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे २००९ चे उदाहरण याच वळणाचे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानी वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांना छावण्यांत डांबले गेले आणि सुमारे सातशे जणांचे शिक्षण तुटले. विद्यापीठाने सदुसष्ट वर्षांनी त्यांना मानद पदव्या दिल्या. जे हयात नव्हते त्यांनाही.

हेन्रिएटा लॅक्सचे प्रकरण मात्र या चौकटीत नीट बसत नाही. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या अर्बुदातल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि पुढे त्यांच्यावर जगभरचे संशोधन उभे राहिले. २०११ मध्ये तिला मरणोत्तर मानद पदवी दिली ती मॉर्गन स्टेट विद्यापीठाने. कर्ज एकाचे, फेडणारा दुसरा. शिवाय जिच्या बाबतीत मूळ तक्रारच ‘विचारले नाही’ ही होती, तिला पदवी देतानाही विचारता आले नाही.

सोलापूरकरांच्या जवळचे उदाहरण म्हैसूरचे. शहरात कन्नड घरोघरी बोलली जाते, त्यामुळे कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले तेव्हा इथेही लोक हळहळले. मार्च २०२२ मध्ये म्हैसूर विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. ती पत्नीने स्वीकारली. वडील राजकुमार यांना त्याच विद्यापीठाने १९७६ मध्ये डॉक्टरेट दिली होती आणि ते कायमचे ‘डॉ. राजकुमार’ झाले. वडिलांना ती मिरवता आली, मुलाला नाही. हे कर्ज नव्हते. ते प्रेम होते, आणि ते खरे होते यात शंका नाही. पण प्रेमासाठी अधिसभा भरवावी का, हा प्रश्न उरतोच.

नकाराचा हक्क

मरणोत्तर मानद पदवीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथे येतो. पदवी ही देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची कृती आहे. २०१७ मध्ये राहुल द्रविड यांनी बंगळूर विद्यापीठाची मानद डॉक्टरेट नम्रपणे नाकारली. संशोधन करून ती मिळवायला आवडेल, असे ते म्हणाले. त्या नकाराने त्यांचा मान वाढला, कमी झाला नाही. मृत माणसाला ही सोय नाही. त्याच्या वतीने ‘हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, ‘नको’ म्हणणारा क्वचित.

तसा नकार एकदा फार गाजला, पण तो पदवीचा नव्हता. भारतरत्न १९५४ मध्ये सुरू झाले तेव्हा ते मरणोत्तर देण्याची तरतूद नव्हती. ती पुढच्या वर्षी आली आणि १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री हे पहिले मरणोत्तर मानकरी ठरले. १९९२ मध्ये सुभाषचंद्र बोसांना ते मरणोत्तर जाहीर झाले तेव्हा ‘मरणोत्तर’ या शब्दावरच वाद पेटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सन्मान अखेर दिला गेला नाही. एका विशेषणाने सगळा गौरव अडवून धरला. नोबेलवाल्यांनी १९७४ पासून शहाणपणाने नियमच केला : नाव जाहीर झाल्यावर माणूस गेला तर पारितोषिक द्यायचे, आधीच गेला असेल तर नाही.

उलट बाजूचा एक मुद्दा बिनतोड आहे, पण तो चमत्कारिक ठिकाणाहून येतो. ब्रिटनमधील बेडफर्डशर विद्यापीठाने २००९ मध्ये जिमी सॅव्हिल या दूरचित्रवाणी निवेदकाला मानद पदवी दिली. तो मेल्यावर त्याचे लैंगिक अत्याचार उघडकीस आले आणि २०१२ मध्ये विद्यापीठाने पदवी काढून घेतली. मेलेल्याची पदवी काढता येत असेल, तर मेलेल्याला ती देता का येऊ नये?

वेळेवर जाण्याची गोष्ट

जिवंतपणी पदवी द्यायला विद्यापीठ उठून गेले, असेही घडले आहे. रवींद्रनाथ ठाकूर थकले होते. ऑक्सफर्डला त्यांना डी.लिट. द्यायची होती. म्हणून ७ ऑगस्ट १९४० रोजी ऑक्सफर्डने शांतिनिकेतनातच खास समारंभ भरवला आणि विद्यापीठाच्या वतीने मॉरिस ग्वायर व सर्वपल्ली राधाकृष्णन तिथे गेले. बरोबर एक वर्षाने, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, रवींद्रनाथ गेले. मुंबई विद्यापीठाने धोंडो केशव कर्व्यांना एलएल.डी. दिली ती १९५७ मध्ये, त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये मानद पदवी दिली. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. चार वर्षे इकडेतिकडे झाली असती तर उस्मानियाही मरणोत्तरवाल्यांच्या रांगेत दिसले असते.

सोलापूर

सोलापूर विद्यापीठ निघाले ते एका जिल्ह्यापुरते. त्याआधी १९६२ पासून इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्याआधी पुण्याला आणि मुळात मुंबईला. एखाद्या सोलापूरकराचा मान वेळेत करायचा राहिला असेल, तर त्याची थकबाकी या तिन्ही ठिकाणच्या वह्यांत शोधावी लागेल. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले; दुसऱ्या नावांचाही आग्रह होता. मराठी मुलखात मृतांचा सर्वांत मोठा गौरव पदवीचा नसून नामकरणाचा आहे, आणि त्यासाठी माणसे रस्त्यावर येतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंतचा काळ लागला, तोही रक्त सांडून.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. आदल्या वर्षी शहराने लष्करी कायदा भोगला होता. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे वर्तमानपत्र चालवत. त्यांना डी.लिट. आणि उरलेल्या तिघांना दुसरे काही, अशी वाटणी करून पाहिली तरी हसू येते. ‘हुतात्मा’ ही त्यांची पदवी लोकांनी दिलेली आहे आणि ती चौघांना सारखी आहे. शाहीर रामजोशी (मृत्यू सुमारे १८१२) यांचेही तेच : लावणी आणि कीर्तन दोन्ही गाजवणाऱ्या माणसाला पदवीपेक्षा त्याच्या रचनांच्या नीट संपादनाची गरज जास्त.

माणूस नसताना त्याच्या जागी वस्तू ठेवून सोहळा करणे सोलापूरला नवे नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितले, अशी कथा आहे. संक्रांतीच्या यात्रेत त्याची आठवण म्हणून अक्षता सोहळा होतो. नंदीध्वज, म्हणजे योगदंडाच्या जागी मिरवल्या जाणाऱ्या उंच काठ्या, संमती कट्ट्यापाशी उभे राहतात, आधी संमती वाचली जाते आणि मग ‘दिड्डम् दिड्डम्, सत्यम् सत्यम्’ या शब्दांवर हजारो हात एकदम अक्षता उधळतात. नवरदेवाच्या जागी काठी चालते. पण कथेत ती काठी ज्याची, त्याने स्वतः हो म्हटलेले आहे. कट्ट्याचे नावच संमती.

उरतात कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म, मुंबईत वैद्यकीय शिक्षण, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला प्रयाण, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच मृत्यू, वय बत्तीस. भैय्या चौकात त्यांच्या घरी आता महापालिकेचे स्मारक आहे. सोलापुरातून मरणोत्तर पदवीसाठी एखादे नाव पुढे करायचे झाले तर बहुतेकांच्या तोंडी हेच येईल. पण एडिंबरोची कसोटी लावली तर अडचण होते. त्यांना पदवी कुणी नाकारली नव्हती. पथकाची संधी आली तेव्हा ते पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते, आणि ती तयारी त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. शिकणे अर्धे राहिले ही त्यांच्यावर झालेली चूक नाही. तो त्यांचा निर्णय आहे, आणि आपण त्यांना आठवतो ते त्यामुळेच. ती जागा केगावच्या, म्हणजे सोलापूर विद्यापीठाच्या मांडवातून कागद देऊन भरायची तर त्या निर्णयावरच सारवण घातल्यासारखे होईल.

चीनमध्ये त्यांचे नाव ‘ख दीह्वा’. शिच्याच्वांग शहरात त्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी तिथल्या त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून, त्यांच्यासारखे काम करू, अशी शपथ घेतात आणि मग नोकरीवर जातात.