बधिर चट्ट्यातला हरवलेला मज्जातंतू

मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोगावरचं डॅप्सोन हे औषध यायचं होतं. रोगी ओळखायचा तो बधिरतेवरून आणि जंतूंवरून. जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये पाहिले, नाइसर यांनी १८७९ मध्ये रंगवून दाखवले.

क्षयाचे जंतू रंगवायची झील-नील्सन पद्धत इथे, त्वचेच्या बायोप्सीत, तोकडी पडते. ब्लॉकच्या (मेणात बसवलेल्या त्वचेच्या तुकड्याच्या) पातळ कापावरचं मेण काढताना नुसतं झायलीन हे द्रावक वापरलं की कुष्ठजंतूवरचं मेदही निघून जातं आणि जंतू रंग धरत नाही. फाइट यांनी त्यावर शेंगदाण्याचं तेल आणलं: दोन भाग झायलीन, एक भाग तेल, बारा-बारा मिनिटं दोनदा. मग टिपकागदाने तेल नीट टिपायचं, कार्बोल फुक्सिन हा लाल रंग न तापवता अर्धा तास, ५ टक्के सल्फ्युरिक आम्ल, शेवटी मेथिलीन ब्लू. सवयीने स्लाइड अल्कोहोलमधून नेली की जंतू फिके पडतात. टिपण्यात घाई झाली तर तेलाच्या थेंबाखाली रंग पोचतच नाही.

पण ट्यूबरक्युलॉइड या कुष्ठप्रकाराच्या चट्ट्यात जंतू बहुधा सापडतच नाहीत. ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचा पुंजका, दिसतो, आणि तो त्वचेच्या क्षयातही असतो. कुष्ठरोग मज्जातंतूवर हल्ला करतो, म्हणून निर्णय मज्जातंतूवर येतो. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनात मात्र पेशींच्या गर्दीत तो हरवतो.

मूर यांनी १९६५ मध्ये गुरांच्या मेंदूतून एस-१०० प्रथिन वेगळं केलं. अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संतृप्त द्रावणातही ते विरघळतं, म्हणून हे नाव. हे मज्जातंतूला वेढणाऱ्या श्वान पेशींत असतं. १९६६ मध्ये पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेली प्रतिपिंडं आली; ती ठरावीक प्रथिनाला चिकटतात आणि तिथे तपकिरी रंग उमटवता येतो. एस-१०० ची प्रतिपिंडं त्वचेच्या कापावर वापरता येऊ लागली आणि ग्रॅन्युलोमात तपकिरी तुकडे दिसू लागले: मज्जातंतू फाटलेला, कुरतडलेला, कधी पूर्ण नाहीसा. क्षयाच्या ग्रॅन्युलोमाशेजारी तो बहुधा शाबूत असतो.

नागपूरच्या मे महिन्यात अडचण आधीच सुरू होते. ब्लॉक मऊ पडतो, ४ मायक्रॉनचा काप चुरगळतो. कापण्याआधी बर्फावर ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. साधी स्लाइड घेतली तर प्रतिजन (इथे एस-१००) प्रतिपिंडासाठी उघडं करताना काप सुटून येतो, म्हणून काप धरून ठेवणारी लेपित स्लाइडच हवी. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची दहा मिनिटं टाळली तर रक्तपेशींतल्या पेरॉक्सिडेजसारख्या क्रियेमुळे सगळीकडे तपकिरी डाग उठतात.

सगळ्यात घातक चूक वाचनात होते. ‘मज्जातंतू नाही’ असं लिहिण्याआधी एपिडर्मिसमधल्या (त्वचेच्या वरच्या थरातल्या) मेलॅनोसाइट आणि लँगरहान्स पेशी रंगल्या आहेत का, ते बघायलाच हवं; त्यांतही एस-१०० असतं. त्याही कोऱ्या असतील तर रंजनच फसलंय, अहवाल देऊ नये. आणि ग्रॅन्युलोमातली एकटी, फांद्या फुटलेली तपकिरी पेशी ही डेंड्रिटिक (प्रतिकारशक्तीची) पेशी असू शकते. तिला मज्जातंतूचा तुकडा समजू नये.

बायोप्सी वरवरची आली तर हे सारं व्यर्थ, कारण जाड मज्जातंतू खोल डर्मिसमध्ये (त्वचेच्या आतल्या थरात) आणि त्याखालच्या चरबीत असतात. तुकड्यात चरबी आलेली दिसली पाहिजे.