ओठावरच्या व्रणाचा माणूस

मातीच्या एका भांड्यावर मुलाचा चेहरा. मुलगा असेल दहाएक वर्षांचा. वरच्या ओठावर एक व्रण. दुसऱ्या भांड्यावर तोच व्रण, पण चेहरा तरुणाचा. आणखी एका भांड्यावर तोच माणूस तिशी ओलांडलेला, जरा थोराड.

ही भांडी पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांची, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. त्यांना लिपी नव्हती, त्यामुळे या माणसाचं नाव कळायला मार्ग नाही. अशा शेकडो मुखभांड्यांचा, म्हणजे चेहऱ्याच्या आकाराच्या भांड्यांचा, अभ्यास करणारे पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डोनन यांनी त्याला ‘कट लिप’ म्हटलं. आपण ओठकट्या म्हणू. त्याची चाळीसहून अधिक भांडी डोनन यांना ओळखता आली.

गंमत म्हणजे हे सगळं चाकाविना. अँडीजमधल्या कुंभाराकडे चाक नव्हतंच. आधी चेहऱ्याचा भरीव नमुना घडवायचा, त्यावर ओली माती थापून दोन भागांचा साचा काढायचा आणि तो भाजून घ्यायचा. मग साच्याच्या दोन्ही भागांत आतून माती दाबायची, दोन्ही अर्धुकं जोडायची आणि डोक्यावर घोड्याच्या रिकिबीसारखी वळलेली पोकळ नळी बसवायची. रंग मुख्यतः दोनच, तांबडा आणि साईसारखा पांढरा. एका साच्यातून कितीतरी चेहरे निघत, पण रंगवताना शिरोवस्त्र आणि गालांवरची नक्षी बदलली की प्रत्येक भांडं वेगळं दिसे. लिमाच्या लार्को संग्रहालयात अशी पुष्कळ मुखभांडी आहेत. मला त्यांतले निर्विकार चेहरे जास्त आवडतात. हसऱ्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्याकडे अधिक वेळ पाहावंसं वाटतं.

हे चेहरे जवळजवळ सगळे पुरुषांचे, आणि थाटावरून बड्या असामींचे. पण डोनन यांना यांतले काही चेहरे पुढे कैद्यांच्या रूपातही सापडले: अंगावर वस्त्र नाही, गळ्यात दोर. मोचे चित्रांत अशा कैद्यांचा शेवट ठरलेला असतो, गळा चिरून बळी.

ही केवळ चित्रकाराची कल्पना नव्हती. १९९५ मध्ये त्रुहियो शहराजवळच्या उआका दे ला लुना या मंदिराच्या आवारात बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे सापडू लागले. पुढच्या उत्खननांत सत्तरांहून अधिक पुरुष निघाले. काही जण मुसळधार पावसानं झालेल्या चिखलात रुतलेले होते. त्यांच्यासोबत गळ्यात दोर असलेल्या नग्न पुरुषांच्या मातीच्या मूर्ती होत्या, मुद्दाम फोडलेल्या. त्या भाजलेल्या नव्हत्या.