‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’: ख्रिस्ती प्रार्थनेतील शरणागतीची पार्श्वभूमी

देवाच्या इच्छेला शरण जाऊन प्रार्थना करायची, तर देवाकडे स्वतःसाठी काही मागू नये, असे अनेक श्रद्धावंतांना वाटते. या प्रार्थनेचा इतिहास पाहिला तर तसा निष्कर्ष निघत नाही. मागणे आणि शरण जाणे एकाच प्रार्थनेत कसे नांदतात, या प्रश्नावर चर्चमध्ये वेगवेगळ्या शतकांत वाद झाले आणि त्यात काहींनी तुरुंगवास, तर काहींनी मृत्यूही पत्करला.

या प्रार्थनेची पाळेमुळे ज्यू परंपरेत आहेत. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे सर्वस्व गमावलेल्या, बायबलमधील ईयोबाचे उद्गार सर्वांना ठाऊक असतात; त्यानंतर हाच ईयोब कित्येक अध्याय देवाशी वाद घालतो, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. बायबलमधील स्तोत्रसंहितेतही तक्रार, आक्रोश आणि विश्वास एकाच स्तोत्रात शेजारी शेजारी येतात. ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे ३१व्या स्तोत्रातील शब्द लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने वधस्तंभावर प्राण सोडताना उच्चारले, आणि ते स्तोत्रही शत्रूंच्या भयाने व्याकूळ झालेल्या माणसाचे आहे.

नव्या करारात या विषयाचे दोन मुख्य आधार आहेत. पहिला म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य येते आणि त्याला लागूनच रोजच्या भाकरीची मागणी येते. लूकच्या प्राचीनतम हस्तलिखितांतील आटोपशीर पाठात इच्छेविषयीचे हे वाक्य नाही. दुसरा आधार गेथशेमाने बागेतील प्रसंगाचा. अटकेच्या रात्री येशू ‘हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी स्पष्ट विनंती करतो आणि मगच ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ असे म्हणतो. मत्तयाच्या वृत्तांतात तो दुसऱ्यांदा प्रार्थना करतो तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेतलेच शब्द त्याच्या तोंडी येतात. पुढच्या सगळ्या वादांचे बीज या प्रसंगात आहे, कारण येथे मागणी मागे घेतलेली नाही. ती पित्यापुढे मांडून निर्णय त्याच्यावर सोपवलेला आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना हे वाक्य प्रत्यक्ष छळाच्या काळात उच्चारावे लागले. स्मुर्ना (आजच्या तुर्कस्तानातील इझमीर) येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना पकडायला शिपाई आले, तेव्हा पळून जाणे शक्य असूनही ‘देवाची इच्छा पूर्ण होवो’ असे म्हणून ते थांबले, असे त्यांच्या हौतात्म्याच्या जुन्या वृत्तांतात म्हटले आहे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी इ.स. २५२च्या सुमारास प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिताना असा खुलासा केला, की देवाला त्याची इच्छा पूर्ण करता यावी म्हणून आपण ही प्रार्थना करत नाही, कारण त्याला कोण अडवणार. त्याला जे हवे ते आपल्या हातून घडावे म्हणून ती करतो. त्याच सुमारास शहरात साथ पसरली असताना त्यांनी विचारले, की रोज ही प्रार्थना म्हणायची आणि देवाने जगातून बोलावले की कुरकुर करायची, हे कसले वागणे? प्रश्न परखड आहे, पण तो विचारणाऱ्याने स्वतः २५८ मध्ये शिरच्छेद स्वीकारला, हेही लक्षात घ्यायला हवे.

सातव्या शतकात वादाला वेगळे वळण लागले. बायझंटाईन साम्राज्यात ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी पडलेली फूट सांधण्यासाठी सम्राट हेराक्लियसने ६३८ मध्ये एक फर्मान काढले आणि ख्रिस्ताच्या ठायी एकच इच्छा होती, असे मत त्यात मांडले. राजकीयदृष्ट्या ही सोयीची तडजोड होती. मॅक्सिमस या संन्याशाने मात्र गेथशेमानेच्या प्रार्थनेवर बोट ठेवले. ख्रिस्ताला मानवी इच्छाच नसेल, तर ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ या शब्दांना अर्थ उरत नाही. मृत्यूला कचरणे ही मानवी प्रकृती आहे, त्यात पाप नाही, आणि तीच कचरणारी इच्छा मोकळेपणाने पित्याच्या इच्छेशी एकरूप होते, असे त्याचे प्रतिपादन होते. या आग्रहापायी त्याच्यावर खटला चालला, ६६२ मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला आणि त्याच वर्षी हद्दपारीत त्याचा अंत झाला. पुढे ६८०–६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या सहाव्या सार्वत्रिक धर्मसभेने ख्रिस्ताच्या ठायी दोन इच्छा असल्याचे आणि मानवी इच्छा विरोध न करता दैवी इच्छेला अनुसरत असल्याचे मान्य केले. एका इच्छेची भाषा वापरणारे दिवंगत पोप होनोरियस यांचाही या सभेने धिक्कार केला. माझ्या मते संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत निर्णायक टप्पा आहे. शरणागतीसाठी आधी स्वतःची इच्छा असावी लागते, हे येथे सिद्धान्ताच्या पातळीवर मान्य झाले.

सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांपासून दुरावले, तरी या मुद्द्यावर त्यांच्यात फारसे अंतर पडले नाही. मार्टिन ल्यूथरने १५२९च्या लघु प्रश्नोत्तरीत लिहिले, की देवाची इच्छा आपल्या प्रार्थनेवाचूनही पूर्ण होतेच, पण ती आपल्यामध्येही पूर्ण व्हावी म्हणून आपण प्रार्थना करतो. सिप्रियनचेच म्हणणे येथे पुन्हा ऐकू येते. जेज्विट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनाग्रंथात, ज्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, आपले स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि सारी इच्छा देवाला अर्पण करणारी प्रार्थना आहे. स्पॅनिश संन्यासिनी आविलाच्या तेरेसा यांनी मठातल्या भगिनींना बजावले, की हे वाक्य म्हणण्यापूर्वी देवाने आपल्या प्रिय पुत्राला काय दिले, म्हणजे किती दुःख दिले, ते आठवा.

सतराव्या शतकात तराजू दुसऱ्या बाजूला, म्हणजे स्वतःची इच्छाच सोडण्याकडे, झुकला. रोममध्ये राहणारे स्पॅनिश धर्मगुरू मिगेल द मोलिनोस यांचे १६७५चे पुस्तक अंतर्मुख, निःशब्द प्रार्थनेची वाट दाखवत होते आणि त्याला मोठा वाचकवर्ग मिळाला. १६८५ मध्ये त्यांना अटक झाली आणि दोन वर्षांनी पोप इनोसंट अकरावे यांनी त्यांची म्हणून सांगितलेली ६८ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांतील चौदावे विधान येथे महत्त्वाचे आहे: जो देवाच्या इच्छेला शरण गेला त्याने देवाकडे काहीही मागू नये, कारण मागणे ही स्वेच्छेचीच कृती आहे. चर्चने हे नाकारले. मोलिनोस यांना सार्वजनिकरीत्या मते मागे घ्यावी लागली आणि १६९६ मध्ये ते कैदेतच वारले. फ्रान्समध्ये याच विचारसरणीच्या संशयावरून लेखिका मादाम ग्युयों यांना पॅरिसच्या बास्तील तुरुंगात राहावे लागले, तर त्यांचा कैवार घेणारे आर्चबिशप फेनेलों यांच्या पुस्तकातील २३ विधाने १६९९ मध्ये रोमने निषिद्ध ठरवली. फेनेलों यांनी आपल्या विरोधातला तो निर्णय विनातक्रार स्वीकारला.

या प्रकरणानंतर कॅथलिक जगात शरणागतीवर लिहिणे जोखमीचे झाले. जेज्विट धर्मगुरू कोसाद यांच्या नावावर चालणारा ईश्वरी योजनेला वाहून घेण्याविषयीचा ग्रंथ अठराव्या शतकातला मानला जात असला, तरी तो छापून आला १८६१ मध्ये. इंग्लंडमध्ये असा धाक नव्हता. तेथे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये लंडनमध्ये सामुदायिक करार-उपासना सुरू केली आणि स्वतःला देवाच्या स्वाधीन करण्याचा तो विधी मेथडिस्ट मंडळ्यांत आजही होतो.

आज सर्वाधिक म्हटल्या जाणाऱ्या समर्पण-प्रार्थनांपैकी एक फ्रेंच कॅथलिक संन्यासी शार्ल द फूको यांच्या १८९६च्या चिंतनातून आली आहे. येशूचे वधस्तंभावरचे अखेरचे शब्द डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी ती लिहिली होती. प्रचलित पाठ हा त्याचा नंतर केलेला संक्षेप आहे. ‘याहून अधिक मला काही नको’ हे त्यातले वाक्य मोलिनोस यांच्या चौदाव्या विधानाच्या अगदी जवळ जाते, पण ते नियम म्हणून सांगितलेले नसून प्रेमापोटी उच्चारलेले आहे. फूको यांच्या स्वतःच्या इच्छा तर शेवटपर्यंत जाग्या होत्या. आपल्याबरोबर सहारात राहणारे बंधू मिळावेत म्हणून त्यांनी नियमावली लिहिली, प्रयत्न केले, पण १९१६ मध्ये सहारातील तामनरासेत येथे त्यांची हत्या झाली तेव्हा ते तेथे एकटेच राहत होते. त्यांच्या प्रेरणेतून ‘येशूचे लहान बंधू’ हा संघ स्थापन झाला, तो १९३३ मध्ये.